नाकाचा पडदा वाकडा आहे म्हणजे नेमकं काय?

काल ओपीडीत विशीतला एक मुलगा सीटी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आला. त्यावर 'डीएनएस', म्हणजे नाकाचा पडदा वाकडा, असं वाचून आईचा चेहरा पार उतरला होता. "डॉक्टर, ऑपरेशनच करावं लागेल ना?"

मी त्याच्या नाकपुड्यांखाली स्टीलची थंड पट्टी धरली. डावीकडे वाफेचा मोठा ठसा उमटला, उजवीकडे जेमतेम ठिपका, म्हणजे उजव्या बाजूने हवा कमी जात होती.

नाकाचे दोन भाग करणारा पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसं कमीच. कुणाचा जन्मतः वाकडा, कुणाचा मार लागल्यामुळे. त्रास नसेल तर काहीही करायचं नसतं.

निरोगी नाकातही दर काही तासांनी एकेक बाजू आळीपाळीने थोडी चोंदते. कायम एकच बाजू बंद राहत असेल, तर तपासून घ्या.

औषधाने पडदा सरळ होत नाही, पण ॲलर्जीची सूज उतरते आणि अनेकांना तेवढंच पुरतं. या मुलालाही आधी स्प्रेच दिलाय. नाहीच भागलं तर सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन. ती नाकाच्या आतून करतात, बाहेर टाका दिसत नाही.

मेडिकलमधून परस्पर आणलेले नाक मोकळं करणारे थेंब मात्र आठवडेच्या आठवडे घालू नका. त्यांनीच नाक पुन्हा चोंदू लागतं.

आणि नाकावर मार लागून दोन्ही बाजू बंद झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पडद्यात रक्त साकळलं तर कूर्चा झपाट्याने खराब होते.