रिकाम्या डब्याचे दुसरे आयुष्य

चवथ जवळ आली, की गोमंतकीय घरांतून झाडलोटीला आरंभ होतो. माळ्यावरची अडगळ खाली उतरते, फडताळे रिकामी होतात आणि त्या पसाऱ्यात कोठेतरी पाइपच्या तंबाखूचा एखादा जुना, रंग उडालेला डबा हाती लागतो. हलविला तर खुळखुळतो. उघडावा, तर आत चार स्क्रू, दोन किल्ल्या (त्यांची कुलुपे केव्हाच नाहीशी झालेली), शर्टाची सुटी बटणे आणि दैव बरे असेल तर पोर्तुगीज अमदानीतले एखादे नाणे. पाइप ओढणारा जाऊन कित्येक वर्षे झालेली असतात. तंबाखू तर त्याच्याही आधी धूर होऊन गेलेली असते. मागे उरतो तो डबा.

पाइप ओढणे ही आपल्या समाजाची सर्वसाधारण सवय कधीच नव्हती. आपली तंबाखू पानाच्या तबकातली, नाहीतर विडीतली. पाइप दिसे तो एखाद्या वकिलाच्या वा डॉक्टरच्या ओठांत, किंवा बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर आलेल्या तारवट्याच्या हाती. परंतु ज्या घरात पाइप नव्हता, त्या घरातही डबा पोहोचत असे, कारण रिकामा डबा मागून नेण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ‘संपला की आमच्यासाठी ठेवा हं,’ असे आधीच सांगून ठेवणारे शेजारीही असत.

अशा डब्याला मागणी का असावी, हे त्याच्या घडणीत आहे. तंबाखूला ओल टिकवून धरावी लागते; ती कोरडी पडली की तिचा स्वाद जातो. म्हणून झाकण घट्ट बसणारे, कडा नीट वळविलेल्या आणि आकार खिशात मावेल असा. जे झाकण आतली ओल बाहेर जाऊ देत नाही, ते बाहेरची ओल आतही येऊ देत नाही. आषाढ-श्रावणात भिंतींनाही बुरशी धरणाऱ्या आपल्या मुलखात हा गुण लहान नव्हे. त्यामुळे राखेत घोळवलेले भेंडीचे व दोडक्याचे बियाणे त्यात पुढच्या पावसापर्यंत सुरक्षित राही. शिवणाच्या सुया गंजत नसत. गरवायला जाणाऱ्याचे गळ आणि शिसे त्यात बसत, आणि मुलांची टपाल तिकिटेही. झाकणाला चीर पाडली की गल्ला तयार. गोल डब्यांच्या बुडांना भोके पाडून सुतळी ओवली, की मुलांचा दूरध्वनी या ओटीवरून त्या ओटीवर चालू होई. एका जागी मात्र त्याला मज्जाव असे. वाती आणि कापूर ठेवायला कितीही सोयीचा असला, तरी तंबाखूचा डबा देवघरात नेण्यास घरातील वडीलधाऱ्या बायका राजी नसत. उपयोग आणि औचित्य यांतील सीमारेषा त्यांना पक्की ठाऊक होती.

ही वृत्ती केवळ आपलीच, असे समजण्याचे कारण नाही. १९१४ च्या नाताळात ब्रिटिश राजकन्या मेरी हिच्या नावे उभारलेल्या निधीतून आघाडीवरील सैनिकांना पितळेच्या छोट्या पेट्या वाटण्यात आल्या. धूम्रपान करणाऱ्यांसाठी त्यांत पाइपची तंबाखू व सिगारेटी होत्या, तर शीख सैनिकांसाठी खडीसाखर व मसाले. जिन्नस संपले, पेट्या मात्र कित्येकांनी जपल्या आणि त्यांत पत्रे, छायाचित्रे ठेवली. अमेरिकेत १९०७ साली ‘प्रिन्स अल्बर्ट’ ही तंबाखू बाजारात आली. तेथील पश्चिम भागात खनिजाच्या शोधात हिंडणारे लोक आपल्या हक्काचा कागद अशा रिकाम्या डब्यात घालून दगडांच्या राशीत ठेवीत. ज्या डब्याने धुराची सोय केली, त्यानेच पुढे मालकीचा पुरावा सांभाळला.

तरीही या डब्याचे कौतुक डोळे उघडे ठेवूनच करावयास हवे. तो पोलादी पत्र्याचा असतो आणि त्यावर कथिलाचा पातळ लेप असतो. आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईचाच तो यंत्रयुगातील अवतार. जस्ताच्या लेपाला ओरखडा गेला, तर जस्त आधी स्वतः झिजते आणि पत्रा काही काळ वाचवते. कथिलाचे तसे नाही. लेप फाटला की उघडे पडलेले लोखंड उलट लवकर गंजते, आणि खाऱ्या वाऱ्यात तर फारच लवकर. म्हणून डबा घासणीने खरवडू नये. साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडा करावा, दोन-तीन उन्हे द्यावीत आणि कडांना तेलाचे बोट फिरवावे. खाण्याचा पदार्थ त्यात कदापि ठेवू नये. तंबाखूचा अंश विषारी असतो आणि जुन्या डब्यांच्या डाकात व रंगात शिसे असण्याचा संभव असतो. औषधाच्या गोळ्याही ओळखचिठ्ठीविना त्यात टाकू नयेत. अशा डब्याने एखाद्या घरात अनर्थ घडू शकतो.

तंबाखूने किती संसार उद्ध्वस्त केले, हे येथे वेगळे सांगावयास नको. त्या व्यसनाची तरफदारी आम्हांला करावयाची नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. व्यसनाचे वेष्टन असूनही हा डबा माणसाच्या कामी आला, कारण तो रिकामा झाल्यावरही वस्तू म्हणून उरत होता. आजचे वेष्टन रिकामे होताक्षणी केर होते. प्लास्टिक आणि धातूच्या पापुद्र्यांची ती पुडी पुन्हा मिटत नाही, त्यात काही राहत नाही, भंगारवालाही ती घेत नाही. गुटखा, तंबाखू व पानमसाला यांसाठी प्लास्टिकच्या पुड्या वापरण्यास २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली. तरी पावसाच्या पहिल्या सरीबरोबर गटारांतून काय वाहत येते, ते कोणीही पाहावे. त्याच वर्षी साळगावला कचरा-प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. सोनसोड्याच्या ढिगाने मडगावकरांना वर्षानुवर्षे जो मनस्ताप दिला, तो कोणी विसरलेले नाही. परंतु असे प्रकल्प कचऱ्याची विल्हेवाट लावतात. त्याचा जन्म टाळीत नाहीत.

कचरा जन्मतो तो कारखान्यात, वेष्टनाचा विचार होतो त्या क्षणी. ‘आतला माल संपल्यावर याचे काय?’ हा प्रश्न उत्पादकाने तेव्हाच स्वतःला विचारला पाहिजे, आणि ग्राहकाने दुकानात उभे राहून त्याला विचारला पाहिजे. गृहिणीच्या काटकसरीवर सारा भार टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. डबा जपणारे हात आजही आहेत. जपावे असे हाती काही येत नाही, ही खरी अडचण आहे.

यंदा चवथीच्या झाडलोटीत असा एखादा डबा सापडलाच, तर तो भंगारात टाकण्यापूर्वी क्षणभर उघडून पाहावा. त्यातल्या किल्ल्यांची कुलुपे सापडणार नाहीत. पण झाकण अजून घट्ट बसते, हे मात्र ध्यानात येईल.