कवळी केली, पण डबीतच पडून राहिली! असं का होतं?

परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की शेतात आगटी पेटते. भाजलेली कणसं हातावर चोळून गरमागरम हुरडा पुढ्यात येतो, सोबत दही, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. सगळे त्यावर तुटून पडलेले असताना घरातली एखादी आजी मात्र नुसतं दही-गूळ खात बसलेली असते. कारण दात नाहीत. आणि कवळी? ती आहे की, दोन वर्षांपूर्वीच केली. घरी डबीत ठेवलीय.

हे चित्र अनेक घरांना ओळखीचं वाटेल. अशा वेळी दोष दिला जातो तो कवळीच्या 'क्वालिटी'ला, नाहीतर आजीच्या हट्टाला. पण कवळी ही चपलेसारखी नंबर सांगून घ्यायची वस्तू नव्हे. ती एकाच तोंडासाठी, चार-पाच फेऱ्यांत घडवावी लागते. डबीत पडून राहिलेल्या कवळीमागे बऱ्याचदा यातलीच एखादी फेरी घाईत उरकलेली असते, किंवा कवळी हातात मिळाल्यानंतरच्या फेऱ्या झालेल्याच नसतात.

दात गेला की हाडही झिजतं

दात जबड्याच्या हाडाच्या एका उंचवट्यात रोवलेले असतात. दात काढला की त्या उंचवट्याचं काम संपतं आणि तो झिजायला लागतो. पहिल्या वर्षात ही झीज सगळ्यात जास्त असते, पण ती पुढे पूर्ण थांबते असं नाही. अँत्ये टालग्रेन या संशोधिकेनं 1972 मध्ये कवळी वापरणाऱ्यांच्या 25 वर्षांच्या नोंदी मांडल्या होत्या. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट दिसली होती.

'खालचीच का हलते?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. वरची कवळी सगळी टाळू झाकते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा नीट बसल्या की आत हवा शिरत नाही. ओल्या काचेवर ओली काच ठेवली की ती उचलता येत नाही, तसंच हे. खालच्या कवळीच्या वाट्याला मात्र घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी येते, मध्ये जीभ सतत हलत असते आणि बाजूला गालाचे स्नायू. त्यामुळे अगदी चांगल्या हाताची खालची कवळीसुद्धा वरचीइतकी घट्ट बसत नाही. ही गोष्ट काम सुरू होण्याआधीच सांगायला हवी. तशी ती सांगितली जात नाही आणि मग 'फसवलं' अशी भावना होते.

लाळेचा थरच पकड देतो, म्हणून तोंड कोरडं पडणाऱ्यांना जास्त त्रास होतो. मधुमेह असेल किंवा नेहमीच्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावं.

त्या चार-पाच फेऱ्यांत नेमकं काय होतं?

दात काढले असतील तर जखमा भरून हिरडी बसायला साधारण दोन-तीन महिने द्यावे लागतात. तेवढे दिवस बिनदाताचं राहायचं नसेल तर दात काढले त्याच दिवशी बसवायची कवळीही करता येते. मात्र हिरडी आकसत गेली की ती सैल होणार आणि आतून पुन्हा भरून घ्यावी लागणार, हे गृहीत धरायचं.

पहिल्या फेरीत तपासणी आणि कच्चं माप. त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात आणि त्या साच्यावर फक्त त्याच माणसासाठी वेगळा ट्रे बनवतात. दुसऱ्या फेरीत या ट्रेनं पक्कं माप घेतात. पेशंटला गाल ओढायला, ओठ पुढे काढायला, जीभ बाहेर काढून दोन्हीकडे फिरवायला सांगतात, ते याच वेळी. पेशंटला ही कवायत विनोदी वाटते. पण कवळीची कड कुठपर्यंत जाईल आणि बोलताना-चावताना ती उचलली जाणार नाही ना, हे यावरच ठरतं. कंटाळून घाई करू नये अशी ही फेरी.

तिसऱ्या फेरीत मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून दोन्ही जबड्यांमधलं अंतर ठरवतात. ते जास्त झालं तर तोंड सतत भरल्यासारखं वाटतं, जबडा दुखतो आणि बोलताना दातावर दात खटखटतात. कमी झालं तर हनुवटी नाकाकडे सरकते आणि चेहरा उलट जास्तच म्हातारा दिसतो. दातांचा रंग आणि आकारही याच सुमाराला निवडतात. जुना लग्नातला फोटो सोबत नेला तर डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. आणि सत्तरीतल्या चेहऱ्यावर पांढरेशुभ्र दात लांबूनच ओळखू येतात. थोडी पिवळट छटाच खरी वाटते.

चौथी फेरी ट्रायलची. दात मेणात बसवलेले असतात, त्यामुळे हवा तो बदल करता येतो. ही संधी बहुतेक पेशंट वाया घालवतात. 'बरं हाय, बरं हाय' म्हणून उठतात. खरं तर इथे आरशात नीट बघावं, हसून बघावं, 'फ', 'व', 'स' येणारे शब्द बोलावेत आणि घरच्या माणसाला जवळ बोलवून दाखवावं. यानंतर मेणाच्या जागी अॅक्रिलिक येतं, ते लॅबमध्ये उष्णता देऊन पक्कं केलं जातं आणि मग बदल अवघड होतो.

पाचव्या फेरीत कवळी हातात येते. काम मात्र संपत नाही. पहिल्या आठवड्यात कुठेतरी टोचणार, फोड येणार. डॉक्टर तेवढीच जागा घासून देतात. ही घासाघाशी एक-दोनदा तरी लागतेच. जिंतूरहून परभणी चाळीसेक किलोमीटर. सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. त्यामुळे 'आता टोचायलंय तर पुन्हा कोण जाणार' असं म्हणून कवळी डबीत जाते, आणि काही महिन्यांनी काढून बघितली तर बसत नाही. काम ठरवतानाच विचारून घ्यावं, नंतरच्या फेऱ्यांचे पैसे वेगळे आहेत की त्यातच धरलेत? आणि जाताना, टोचतेय म्हणून काढून ठेवलेली असली तरी, आदल्या दिवशी काही तास घालूनच जावं. दुखरी जागा लालसर दिसली तरच डॉक्टरांना नेमकं कळतं.

'एका दिवसात फिक्स दात' मिळतात, त्याचं काय?

जत्रेत, आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला पेटी मांडून बसलेला माणूस तासाभरात दात बसवून देतो. पैसे कमी, फेऱ्या नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला हे पटणं साहजिक आहे. पण यात बऱ्याचदा कच्चं अॅक्रिलिक शेजारच्या चांगल्या दातांना आणि हिरडीला थेट चिकटवलेलं असतं, कधी तार गुंडाळून. ते काढून धुता येत नाही. आत अन्न कुजतं, हिरडी सुजते आणि आधाराचे चांगले दातही हलू लागतात. एक दात लावायला गेलेल्या माणसाचे आणखी दोन जातात.

आणखी एक प्रकार म्हणजे वरच्या कवळीला मध्यभागी रबराची चकती लावून देणं. सुरुवातीला पकड जोरात बसते, पण वर्षानुवर्षं टाळूचा तोच भाग ओढला जाऊन तिथे जखम होते, भोकही पडू शकतं. दातांवर उपचार करायला दंत परिषदेची नोंदणी लागते. दवाखान्यात नोंदणी क्रमांकाची पाटी दिसली नाही तर विचारायला संकोच करू नये.

पर्याय कोणते?

थोडेच दात गेले असतील तर काढता-घालता येणारी अर्धी कवळी करतात. अॅक्रिलिकची स्वस्त, पण जाड. लवचिक 'फ्लेक्सिबल' दिसायला छान, तार नसते, मात्र तिची दुरुस्ती करणं किंवा ती आतून भरून घेणं कठीण. धातूच्या सांगाड्याची पातळ आणि टिकाऊ, तशी महागही. शेजारचे दात घासून त्यावर बसवायचा पक्का ब्रिज हा वेगळा मार्ग.

सगळे दात गेलेल्यांसाठी इम्प्लांटचा पर्याय आहे. सगळ्या दातांसाठी वेगवेगळे इम्प्लांट लागत नाहीत. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी असं म्हटलं होतं. खर्च पाहता ग्रामीण मराठवाड्यात ते अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे, हे उघड आहे. पण यातून एक गोष्ट घेता येते. तोंडात दोन-चार दात शिल्लक असतील तर 'सगळेच काढा आणि एकदाची कवळी बसवा' म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कधीकधी सुळ्यांची मुळं राखून त्यांच्या आधारावर कवळी करता येते, आणि मूळ शाबूत असेपर्यंत तिथलं हाडही टिकतं.

गुटखा-सुपारीची सवय असेल तर अडचण वेगळीच. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. या सवयीनं गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड कमी उघडतं, आणि मग मापाचा ट्रेच आत जात नाही. अशांसाठी दोन तुकड्यांत करायचे ट्रे असतात, पण आधी तपासणी हवी. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे न भरलेला फोड असेल तर त्याचं निदान होईपर्यंत कवळीचा विषय बाजूला ठेवावा.

कमी खर्चात कुठे? आणि सरकारी योजनेत मिळते का?

परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात. खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी, वेळ जास्त. 'शिकाऊ पोरं करणार' म्हणून अनेकजण बिचकतात. पण तिथे टप्प्याटप्प्याला शिक्षक तपासतात आणि फेरी गाळली जात नाही. वेळ काढता येत असेल तर हा सौदा वाईट नाही.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (सुरुवात 1 एप्रिल 2017) काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीचाही समावेश आहे. वय 60 किंवा जास्त, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब किंवा महिना 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न, अशी अट. आधी तपासणी शिबिर, नंतर वाटप. पण काठी ट्रकमधून आणून वाटता येते, कवळी नाही. म्हणून तपासणी शिबिरात नाव नोंदवतानाच विचारावं, माप कोण घेणार, कुठे आणि टोचली तर कुणाकडे जायचं? शिबिराच्या तारखेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करता येते.

राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेशी याची गल्लत होते. त्यात 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा साधनांची नावं त्यात आहेत, कवळीचं मात्र नाही. शेजारच्या कर्नाटकानं 2014 मध्येच 'दंत भाग्य' योजना आणून दंत महाविद्यालयांमार्फत गरीब ज्येष्ठांना मोफत कवळ्या देणं सुरू केलं होतं. महाविद्यालयांमार्फत काम दिल्यामुळे माप, ट्रायल आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. महाराष्ट्रात दंत महाविद्यालयं कमी नाहीत.

पहिला महिना आणि भाकरी

पूर्ण कवळीनं चावायची ताकद खऱ्या दातांच्या चौथा-पाचवा हिस्साच असते. त्यामुळे पहिल्याच दिवशी ज्वारीची कडक भाकरी तोडू नये. आठवडाभर खिचडी, मऊ भात, वरणात कुस्करलेली भाकरी. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावा, एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. पेरू पुढच्या दातांनी तोडायचा नाही, फोडी करून मागे चावायचा. बोलणं सुधारायला पेपर मोठ्यानं वाचणं हा सोपा उपाय. लाळ जास्त सुटेल, ती काही दिवसांत कमी होते.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 जणांच्या पाहणीत (2015) कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. मोडली तर झटपट गोंदानं चिकटवू नये आणि टोचली तर घरी कानस लावू नये; तुकडे घेऊन थेट डॉक्टरांकडे जावं.

चांगली कवळीही साधारण पाच-सात वर्षांत सैल होते, कारण खालचं हाड झिजतच असतं. नवी करायची वेळ आली तर जुनी फेकू नये. माप द्यायला जाताना ती सोबत न्यावी. तिच्यात काय आवडत होतं आणि काय त्रास द्यायचं, हे डॉक्टरांना तिच्याकडे बघूनच कळतं. आणि नवी दुरुस्तीला गेली की चार दिवस तीच कामाला येते.