व्यालेल्या गाईची निगा

दवनीवाडा व गोंदिया जिल्ह्याचा आसपासचा भाग हा धानाचा मुलूख. मळणी आटोपली की घरोघरी तणसाचे ढीग रचले जातात आणि पुढे कित्येक महिने जनावरांची भिस्त त्यावरच असते. तणसाने पोट भरते; परंतु त्यात प्रथिने व स्फुरद अल्प असून त्यातील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. भाकड जनावराचे यावर कसेबसे निभते. जास्त दुधाची संकरित गाय व्याली म्हणजे मात्र ही उणीव उघडी पडते.

१० लिटर चिकाबरोबर गाईच्या शरीरातून २० ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर जाते. रक्तात ते एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम असते. ही तूट हाडांतून व चाऱ्यातून त्वरित भरून न निघाल्यास, बहुधा व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत, गाय लटपटते, खाली बसते व मान कुशीकडे वळवून निपचित पडते. हाच दुग्धज्वर. नाव ज्वराचे असले तरी अंग व कान थंड पडतात. उपचारास विलंब झाल्यास गाय काही तासांत दगावते.

अशा गाईस काढा अथवा तेल कदापि पाजू नये. तिची गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असल्याने औषध फुप्फुसात उतरते. तिला छातीवर बसती करून दोन्ही बाजूंस तणसाच्या पेंढ्यांचा आधार द्यावा आणि ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर बहुतेक गाई उठून उभ्या राहतात. हे काम पशुवैद्यकाचेच. औषध वेगाने गेल्यास हृदय बंद पडते.

पहिल्या दीड महिन्यात दुसरा धोका किटोसिसचा. दूध वाढते, पण भूक तितकी वाढत नाही. मग शरीरातील चरबी वितळू लागते. गाय ढेप-आंबोण सोडून केवळ तणीस चघळते, रोडावते आणि दूध आटते.

हे टाळण्यास गाय विण्यापूर्वी दोन महिने आटवावी, पण तिला फार लठ्ठ होऊ देऊ नये. शेवटच्या तीन आठवड्यांत आंबोण थोडेथोडे वाढवावे. कॅल्शियमची औषधे मात्र त्या काळात सल्ल्यावाचून देऊ नयेत, कारण हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय त्यामुळे मंदावते. व्याल्यावर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, जवसाची ढेप व चवळीसारखा हिरवा चारा द्यावा.

ग्रामसेवकांनी गावातील गाभण गाईंची यादी ठेवून विण्याच्या सुमारास त्या गोठ्यांना अवश्य भेट द्यावी. वेळीच ओळखलेला रोग म्हणजे वाचलेली गाय होय.