नेपाळला आधार चालतं, पण कोणाचं?

पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या यात्रेचे पैसे जमू लागले, की भोरपासून वेल्ह्यापर्यंत (सरकारदरबारी आता राजगड तालुका) एक वाक्य हमखास कानावर येतं: "नेपाळला काय लागतंय? आधार घ्या की झालं!" पारावरची मंडळी माना डोलावतात आणि विमानाची तिकिटंही निघतात.

व्हिसा लागत नाही, एवढं यातलं खरं. पण विमानाने काठमांडूला जायचं तर साधा नियम वैध पासपोर्टचा किंवा निवडणूक आयोगाच्या मतदार ओळखपत्राचा आहे. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांचं. केंद्रीय गृह मंत्रालयाने ही सवलत जाहीर केली जानेवारी २०१९ मध्ये. त्याआधी त्यांचंही चालत नव्हतं. म्हणजे सत्तरीचे आजोबा आधारवर जातील आणि त्यांच्या पिशव्या उचलायला सोबत घेतलेला चाळिशीचा शेजारी काउंटरवरच अडकेल. घोटाळा होतो तो इथेच. आजोबा सुखरूप परततात आणि वर्षभर सांगत फिरतात, "मी गेलो की आधारवर!" ते खोटं बोलत नाहीत हो, पण ऐकणारा पन्नाशीचा असतो!

"अमक्याला तर सोनौलीला कोणी हटकलं नाही." नसेल. गोरखपूरकडून रस्त्याने जाणं वेगळं, विमान वेगळं. १९५० च्या भारत-नेपाळ कराराचा दाखला देऊन काउंटरवर कितीही भांडलं, तरी कागदाशिवाय बोर्डिंग पास हातात पडत नाही.

दिल्ली-काठमांडू हा आंतरराष्ट्रीय प्रवास आहे, इमिग्रेशनची रांग चुकत नाही. पुणे-दिल्ली आणि पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढली, तर दिल्लीत सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं, तर भुर्दंड आपला. चेलाडी फाट्यावरून लोहगावला निघताना कात्रजच्या कोंडीसाठी तासभर हाताशी ठेवणारी माणसं दिल्लीत मात्र दीड तासावर निभावू पाहतात.

भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं, शिवाय प्रौढांना रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क. थायलंडला व्हिसा असो-नसो, १ मे २०२५ पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, तेही फुकट. त्याचे पैसे लावणाऱ्या एजंटाला हिशेब विचारा. पासपोर्टची मुदत चार महिने उरली म्हणजे पुष्कळ झालं, हेही चूक: अनेक देशांना सहा महिने हवे असतात. आणि पासपोर्टसाठी मुंबई गाठावी लागते असं अजूनही छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र बघून यावं.