शुक्रावरच्या आनंदीबाई

शुक्राच्या विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला ३४ किलोमीटर व्यासाचं एक विवर आहे. त्याचं नाव ‘जोशी’. या जोशी म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई! कल्याणला लोकल पकडून घाटकोपरला उतरावं, साधारण तेवढी त्या विवराची रुंदी. आनंदीबाईंचा जन्मही कल्याणचाच, १८६५ चा.

शुक्राभोवती ढगांचा इतका जाड थर आहे, की मोठ्या दुर्बिणीतूनही खालची जमीन दिसत नाही. १९९० मध्ये मॅगेलन यान तिथे पोचलं. ढगांपार रडारलहरी सोडायच्या, उलट आलेल्या लहरींवरून उंचसखल भाग ओळखायचा, असं करत त्यानं जवळजवळ सगळा ग्रह टिपला. शेकडो विवरं सापडली. पण ३ किलोमीटरहून लहान जवळपास एकही नाही. तिथली हवाच एवढी दाट, की छोटे अशनी जमिनीवर आदळण्याआधीच फुटून विरतात.

नावं ठरवते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना. बुधावर कलावंत-साहित्यिक, म्हणून तिथे कालिदास आणि वाल्मीकी आहेत. मंगळावरच्या लहान विवरांना छोट्या गावांची नावं मिळतात. आपलं लोणार, जे स्वतःच अशनीच्या आघातानं झालेल्या विवराकाठी वसलंय, तेही तिथे आहे. शुक्र मात्र बायकांचा. विवर २० किलोमीटरहून मोठं असेल तर एखाद्या दिवंगत कर्तबगार स्त्रीचं नाव, लहान असेल तर जगातल्या कुठल्याही भाषेतलं मुलीचं साधं नाव. मला हा नियम फार आवडतो.

तिथलं ‘मेधावी’ हे विवर पंडिता रमाबाईंचं. मेधावी हे त्यांचं सासरचं आडनाव. रमाबाईंची नोंद तिथे लेखिका म्हणून आहे. १८८६ मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभासाठी रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या वारल्या, बाविसाव्या वाढदिवसाआधी.

तिसरं विवर ‘झिराड’, ५० किलोमीटरचं, आनंदीबाईंच्या विवराहून बरंच मोठं. ते डॉ. जेरुशा झिराड यांचं. बेने इस्रायली समाजातल्या या डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली आणि आयुष्यभर बायकांची बाळंतपणं केली.