जुनं सांभाळणारी नवी विंडोज

२४ ऑगस्ट १९९५. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला अनेक देशांत संगणकाची दुकानं उघडी होती आणि दारात रांगा लागल्या होत्या. गिऱ्हाइकं घरी नेत होती ते एक खोकं. त्यात एक सीडी किंवा तेरा फ्लॉपींचा गठ्ठा. किंमत २०९ डॉलर ९५ सेंट. अमेरिकेत रेडमंड इथल्या मायक्रोसॉफ्टच्या आवारात त्या दिवशी मोठा सोहळा झाला. व्यासपीठावर बिल गेट्स यांच्या जोडीला टीव्हीवरचे विनोदवीर जे लेनो होते, जाहिरातीत रोलिंग स्टोन्स या बँडचं गाणं वापरायचे हक्क विकत घेतले होते. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत विंडोजच्या बोधचिन्हाच्या रंगांत उजळली. लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवशीचा अंक मायक्रोसॉफ्टनं पैसे मोजून वाचकांना फुकट वाटला. पहिल्या पाच आठवड्यांत विंडोज ९५च्या ७० लाख प्रती खपल्या.

ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एवढा गाजावाजा त्याआधी झाला नव्हता. कीबोर्डवरचं बटण दाबलं हे ओळखणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, डिस्कवर फाइल कुठे ठेवायची ते ठरवणं, मेमरी आणि प्रोसेसर यांची निरनिराळ्या प्रोग्रामांत वाटणी करणं, हे या सिस्टीमचं काम. ते नीट चालू असतं तोवर कोणाचं तिकडे लक्ष जात नाही. विंडोज ९५नं ही पडद्यामागची व्यवस्था थेट दुकानाच्या काचेत आणून मांडली.

या गाजावाजात एक गोष्ट मात्र झाकली गेली. नव्या सोयींची जाहिरात करता येते. न मोडलेल्या जुन्या गोष्टींची करता येत नाही. आणि विंडोज ९५ची मोठी करामत होती ती जुनं न मोडण्यातच.

‘इथून सुरुवात करा’

आधीच्या विंडोज ३.१मध्ये प्रोग्राम सुरू करायचा म्हणजे ‘प्रोग्राम मॅनेजर’ नावाच्या खिडकीतल्या खिडक्या उघडत बसायच्या. चालू असलेली खिडकी लहान केली की ती इतर खिडक्यांच्या मागे दडायची. नवख्या माणसाला वाटायचं, आपलं काम पुसलं गेलं. मग तो तोच प्रोग्राम पुन्हा उघडायचा.

नवी रचना ठरवताना मायक्रोसॉफ्टनं माणसांना प्रयोगशाळेत बसवून ती कुठे अडतात याची नोंद केली. केंट सुलिव्हन यांनी या कामावर लिहिलेल्या शोधनिबंधात आकडे आहेत: चाचण्यांच्या ६४ फेऱ्या, ५६० माणसं आणि त्यातून निघालेल्या ६९९ नोंदी. पडद्याच्या तळाशी आलेला टास्कबार हा याच निरीक्षणाचा परिणाम. चालू असलेली प्रत्येक खिडकी तिथे दिसत राहते, म्हणजे हरवण्याचा प्रश्नच मिटला.

डाव्या कोपऱ्यातल्या बटणाचं नाव आधी ‘सिस्टीम’ होतं. चाचणीला आलेले लोक संगणक सुरू करून नुसते बघत बसायचे. पुढे काय करायचं ते कळायचं नाही. म्हणून बटणावर ‘स्टार्ट’ असं लिहिलं गेलं. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा संगणक सुरू झाल्यावर ‘सुरुवात करायला इथे क्लिक करा’ अशी बाणासह ओळ टास्कबारवरून सरकत त्या बटणाला येऊन भिडेल अशी सोय केली. संगणक बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबावं लागतं, हा विनोद मग जगभर झाला. पण नवख्याचं अडलेलं पाऊल पुढे पडलं हे खरं.

वेळेची वाटणी

खरा तांत्रिक बदल दिसत नव्हता. संगणकात तेव्हा प्रोसेसर एकच, प्रोग्राम मात्र अनेक. प्रत्येकाला त्याचा थोडा थोडा वेळ द्यावा लागतो. विंडोज ३.१मध्ये हा कारभार सहकाराच्या तत्त्वावर होता: आपलं काम झालं की प्रोग्रामनं आपण होऊन प्रोसेसर सोडायचा. सभेत एखादा वक्ता माईक सोडायला तयार नसला की सगळी सभा जशी ताटकळते, तसा एक अडलेला प्रोग्राम सगळा संगणक अडवून ठेवायचा.

विंडोज ९५मध्ये नव्या ३२ बिटांच्या प्रोग्रामांसाठी हा अधिकार सिस्टीमनं स्वतःकडे घेतला. संगणकातलं घड्याळ ठरावीक क्षणांनी प्रोसेसरला थांबवतं, ताबा सिस्टीमकडे येतो आणि पुढची पाळी कोणाची ते ती ठरवते. या पाळ्या सेकंदाच्या काही सहस्रांशांच्या असतात, त्यामुळे आपल्याला सगळं एकाच वेळी चालल्यासारखं वाटतं. छपाई चालू असताना पत्र टाइप करणं त्यामुळे सुकर झालं.

जुन्या १६ बिटांच्या प्रोग्रामांना मात्र हा नियम लावता आला नाही. ते आपसात जुन्याच पद्धतीनं पाळी सोडतात असं गृहीत धरून लिहिलेले होते. म्हणून विंडोज ९५मध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत राहिल्या. एखादा जुना प्रोग्राम अडला की नव्यांनाही त्याचा फटका बसे. जुनं चालू ठेवायची ही किंमत होती, आणि ती समजून-उमजून मोजलेली होती.

‘दिवाळी~१’ कुठून आलं?

विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टीमच्या काळात फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढे टिंब देऊन तीन अक्षरांचं, एवढंच ठेवता यायचं. विंडोज ९५नं ही मर्यादा २५५ अक्षरांपर्यंत नेली. या निमित्तानं ॲपल कंपनीनं वर्तमानपत्रात खोचक जाहिरात दिली: अभिनंदनाचा इंग्रजी शब्द काटछाट करून डॉसच्या नियमात कोंबलेला. मॅकिंटॉशवर लांब नावं आधीपासूनच चालत होती, त्यामुळे टोमणा रास्तच होता.

अडचण वेगळीच होती. डिस्कवर फाइलींची जी यादी असते, तिच्या प्रत्येक नोंदीला ३२ बाइट जागा आणि त्यात नावासाठी फक्त ११. ही रचना बदलली असती तर जुन्या डॉसला आणि जुन्या प्रोग्रामांना ती डिस्क वाचताच आली नसती. म्हणून एक युक्ती काढली. लांब नावाचे १३-१३ अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा यादीत एका वेगळ्या नोंदीत ठेवायचा. त्या नोंदीवर ‘फक्त वाचनासाठी’, ‘लपवलेली’, ‘सिस्टीमची’ आणि ‘डिस्कचं नाव’ अशा चारही खुणा एकदम करायच्या. खरी फाइल अशी कधी नसते, त्यामुळे डॉस त्या नोंदीकडे दुर्लक्ष करतो. त्याच्यासाठी शेवटी एक आखूड नाव ठेवायचं.

समजा रोमन लिपीत फाइलला ‘दिवाळी अंक जाहिरात’ असं नाव दिलं. टिंब आणि त्यापुढची तीन अक्षरं धरून ती होतात २२ अक्षरं. त्यासाठी लांब नावाच्या दोन नोंदी आणि आखूड नावाची एक, अशा तीन नोंदी, म्हणजे ९६ बाइट लागतात. आखूड नाव बनतं पहिल्या सहा रोमन अक्षरांचं: ‘दिवाळी~१’. नव्या विंडोजला पूर्ण नाव दिसतं, जुन्या डॉसला तेवढंच दिसतं, आणि डिस्क एकच. आजच्या अनेक पेनड्राइव्हमध्येही ही युक्ती वापरात आहे.

दुकानातला एकेक प्रोग्राम

जुने प्रोग्राम चालतात की नाही हे तपासायचं कसं? मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी याची हकीकत लिहून ठेवली आहे. विकास-व्यवस्थापक डेव्हिड कोल आपला ट्रक घेऊन सॉफ्टवेअरच्या एका दुकानात गेले आणि तिथल्या प्रत्येक प्रोग्रामची एकेक प्रत विकत घेऊन आले. उपाहारगृहात टेबलांवर ढीग मांडला. ज्याला हवे त्यानं दोन प्रोग्राम उचलायचे, नव्या विंडोजवर तपासायचे, बिघाड कळवायचे आणि काम झालं की ते स्वतःकडे ठेवायचे.

‘सिमसिटी’ या खेळाचा किस्सा त्याच काळातला. हा खेळ मेमरीचा एक भाग वापरून झाला म्हणून परत करायचा आणि लगेच त्याच भागातून पुन्हा वाचायचा. चूक उघडच खेळ लिहिणाऱ्यांची. पण विंडोज ३.१मध्ये ती मेमरी लगेच दुसऱ्या कोणाला मिळत नसे, त्यामुळे चूक झाकली जायची. विंडोज ९५मध्ये ती उघडी पडली आणि खेळ कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टनं काय करावं? हा खेळ चालू आहे असं दिसलं की मेमरी परत घ्यायला उशीर करायचा, अशी खास तरतूद सिस्टीममध्येच केली. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेण्यामागचा हिशेब साधा होता: नवी विंडोज घातल्यावर खेळ बंद पडला तर गिऱ्हाईक खेळाला नाही, विंडोजला शिव्या घालणार.

चुका विंडोजच्याही होत्याच. सिस्टीम सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे ३२ बिटांच्या आकड्यात मोजलं जायचं. त्यात ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या किमती मावतात, म्हणजे साधारण ४९.७ दिवस. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यावर यायची आणि संगणक गोठू शकायचा. यावरची दुरुस्ती आली १९९९मध्ये. तोवर बोभाटा झाला नाही, कारण इतके दिवस विंडोज ९५ बंद न पडता सलग चालवणारेच विरळा!

आपल्याकडे

भारतात विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे विंडोज ९५च्या नऊच दिवस आधी. नव्या विंडोजचं इथलं आगमन मात्र एका नकाशानं अडवलं. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन अधिकारी टॉम एडवर्ड्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, भारताच्या नकाशातल्या आठ लाख पिक्सेलांपैकी काश्मीरमधल्या आठांचा हिरवा रंग वेगळा पडला होता. विक्रीवर बंदी आली आणि दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या.

मराठीची अडचण अधिक खोल होती. विंडोज ९५चा मजकुराचा कारभार बहुतांशी आठ बिटांचा, म्हणजे अक्षरांसाठी जागा २५६. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. जगातल्या लिप्यांना एकत्र सामावणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीत ती १९९१पासून होती, पण विंडोज ९५वर त्या पद्धतीचा उपयोग करून देवनागरी लिहिता येत नव्हती. मग पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकचं ‘आयएसएम’ अशा सॉफ्टवेअरनी वाट काढली. फाइलमध्ये साठवलेले संकेत-आकडे रोमन अक्षरांचेच राहायचे, फॉण्ट मात्र त्या जागी काना, मात्रा किंवा अर्धं अक्षर काढायचा. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पत्रिका, निमंत्रणं, सगळं यावर छापलं गेलं. पण प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे फॉण्ट बदलला की मजकुराचा चुराडा व्हायचा. विंडोजमध्ये देवनागरी मुळातून आली ती फेब्रुवारी २०००मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २०००बरोबर. सोबतचा ‘मंगल’ फॉण्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला.

आता काय करावं?

विंडोज ९५ला चार मेगाबाइट मेमरी पुरायची. ५ ऑक्टोबर २०२१ला आलेल्या विंडोज ११ला निदान चार गिगाबाइट लागते, म्हणजे १,०२४ पट. पण आज अडतं ते मेमरीवर कमी आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपवर जास्त. कुलूपबंद माहितीच्या किल्ल्या वेगळ्या, सुरक्षित जागी जपून ठेवणं हे तिचं काम. ती नसलेली, किंवा मायक्रोसॉफ्टच्या यादीत प्रोसेसर नसलेली, चांगली चालणारी यंत्रंही बाद ठरतात. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली तर सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११वर १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालतच नाहीत. १९९५मध्ये जुन्याला सांभाळून घेण्यावर जेवढा भर होता, तेवढा आज नाही. सुरक्षिततेचं कारण खरं आहे, पण त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो, हेही तितकंच खरं.

म्हणून नवा संगणक घेण्याआधी किंवा जुन्यावर विंडोज ११ घालण्याआधी एक काम जरूर उरका. संस्थेच्या, छापखान्याच्या, घरच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या मराठी फाइली असतील तर त्या ज्या फॉण्टमध्ये टाइप केल्या तो फॉण्ट आणि ते सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. जुने प्रोग्राम सांभाळायला मायक्रोसॉफ्टनं माणसं बसवली होती. आपला मजकूर सांभाळायला आपल्यालाच बसावं लागेल.