धावरे

धावरे (संस्कृत: विसर्प) हा मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस या जीवाणूमुळे होणारा त्वचारोग होय. पायावर किंवा चेहऱ्यावर लाल, उष्ण, दुखरी व ठळक कडा असलेली सूज येऊन ती झपाट्याने पसरते. सोबत थंडी-ताप असतो.

व्युत्पत्ती

'धावरे' हे नाव 'धावणे' या क्रियापदाशी संबंधित असून त्यातून रोगाचे पसरणे सूचित होते. 'विसर्प' शब्दात 'वि' हा उपसर्ग व 'सृप्' (सरपटणे) हा धातू आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यभाषा उर्दूत या रोगास 'सुर्खबादा' म्हणतात. फारसी 'सुर्ख' म्हणजे लाल. मूळ ग्रीक असलेल्या 'एरिसिपेलस' या नावाचा अर्थही 'लाल त्वचा' असाच आहे.

नामसाधर्म्य

नागीण या रोगाच्या 'हर्पीस' या नावाचे ग्रीक मूळ 'सृप्' धातूचे सगोत्र असून अर्थही सरपटणे हाच आहे. तथापि नागीण विषाणुजन्य आहे, तर धावरे जीवाणुजन्य. धावऱ्यावर पेनिसिलिन गुणकारी ठरते, नागिणीवर नाही. त्यामुळे नावावर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.